काचेपलीकडचे अण्णा

आज दिवसभर कशातच लक्ष लागले नाही. कारण अगदी क्षुल्लक आहे. काल संध्याकाळच्या प्रदर्शनात आकाशवाणी पुणे केंद्राच्या सुरुवातीच्या काळातले एक छायाचित्र होते. पुढे मायक्रोफोनभोवती बसलेले गायक-वादक, खाली डावीकडून उजवीकडे त्यांची नावे नीट छापलेली, आणि मागच्या काचेपलीकडे मान खाली घालून यंत्रापाशी बसलेला एक माणूस, ज्याचे नाव कोठेच नव्हते. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला येईल असा पट्टा बांधणारी माणसे पुण्यात पुष्कळ असतील. तरीही ते अण्णाच होते.

शेजारच्या गृहस्थांनी "मागे कोण आहेत हे?" असे विचारले, तेव्हा संयोजकांपैकी एकाने "असेल कोणी तंत्रज्ञ," असे म्हणून त्यांना पुढच्या छायाचित्राकडे नेले. मी काहीच बोलले नाही. दादाला फोनवर हे सांगितले तर तो म्हणाला, "अगं, सांगून टाकायचंस ना!" त्याचे म्हणणे बरोबर आहे, परंतु मला ते सांगायचे नव्हते, ते दुसऱ्या कोणीतरी ओळखावे, निदान एखाद्या पांढऱ्या केसांच्या माणसाने "हे तर अमुक" असे म्हणावे, याची मी वाट पाहत होते. मुलीने सांगितलेले बापाचे नाव सगळे कौतुकाने ऐकतात आणि लगेच विसरतात.

हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. व्यंकटेश माडगूळकर तेथे नोकरीला होते, पु. ल. देशपांडेही काही काळ होते, हे लोकांना ठाऊक असते. गीतरामायणाचा विषय निघाला की कोणीही सांगेल : १ एप्रिल १९५५, रामनवमी, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, कल्पना सीताकांत लाडांची, त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीते ५६ झाली. अधिक मास लक्षात राहतो, माणसे राहत नाहीत. या मोठ्या मंडळींविषयी माझ्या मनात आकस नाही. थोडा आहे, पण तो विषय आज नको.

अण्णा काय करत, हे नातवंडांना समजावून सांगताना नेहमीच माझी तारांबळ उडते. टेपवर मुद्रण झाले की ते रीळ दोन्ही हातांनी मागे-पुढे हलवत. बोलणाऱ्याचा आवाज गुरगुरल्यासारखा होई, आणि त्या गुरगुरण्यातून नको असलेला खोकला नेमका कोठे सुरू होतो ते ओळखून अण्णा मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने खूण करत. टेप सेकंदाला ७.५ इंच वेगाने फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा खोकला पावणेचार इंच लांबीचा भरतो. तेवढा तुकडा ब्लेडने तिरका कापायचा, कारण सरळ कापला तर जोडावर टक् असा आवाज येतो, आणि मागून चिकटपट्टी लावायची. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी कार्यक्रमाचे नाव आणि "टेक दोन, टेक तीन" असे अण्णाच बोलत. प्रसारणापूर्वी तो तुकडाही कापला जाई, आणि कापणारे तेच. टेप पुन्हा पुन्हा पुसून वापरण्याचे ते दिवस होते. त्यामुळे त्यांचा आवाज आज कोठेही नाही, घरातसुद्धा नाही. आईपाशी तर मी हा विषय काढतच नाही.

येथपर्यंत लिहिले आणि स्वतःचाच राग आला, कारण अण्णांनी नावाबद्दल कधी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही. काचेपलीकडच्या माणसाचे नाव कोणाला समजले, याचा अर्थ काहीतरी बिघडले असाच होता. कार्यक्रम सुरळीत पार पडला की श्रोत्यांची पत्रे येत ती गायकाला, कवीला, फार तर निवेदिकेला. आणि मध्येच आवाज गेला की मात्र 'त्या वेळी ड्युटीवर कोण होते' याचा शोध सुरू होई. निवृत्त होईपर्यंत आपण कोण आहोत हे कोणाला कळू नये, हीच त्यांची धडपड असावी. काल माझा अपमान झाला असेल. त्यांचा झाला नाही.

सकाळी त्यांची जुनी फाइल काढली. बदलीच्या गावी एकदा ऐन कार्यक्रमात काही सेकंद शांतता पसरली होती, त्याबद्दल मिळालेला मेमो त्यांनी जपून ठेवला आहे. का ठेवला, देव जाणे. कागद पिवळा पडला आहे, पण नाव, वडिलांचे नाव, आडनाव, हुद्दा, सगळे बिनचूक टंकलेले आहे. अण्णा आकाशवाणीत होते हे संयोजकांना पटवण्यासाठी याहून चांगला पुरावा माझ्यापाशी नाही. तो पाठवावा की नाही, हे अजून ठरत नाही. पण कारणे दाखवा म्हणणारा हा कागद त्या छायाचित्राशेजारी चौकटीत लागलेला डोळ्यांसमोर येतो, आणि दुपारपासून मला राहून राहून हसू फुटते आहे.