आमची वाटचाल : पहिलं पाणी सोडून द्यायचं

आमच्या लातुरात पावसाच्या पाण्यावर घरची बाग जगवायचं काम कुणी सुरू केलं असं विचारलं की लोक दोन-तीन नावं सांगतात आणि त्यात आमचं नसतं, म्हणून शेवटी हे लिहायला बसलोय. बार्शी रोडला 2011 ला गाळा घेतला, दहा बाय बाराचा. त्याआधी सहा वर्षं ठिबकच्या दुकानात काउंटरला होतो, लॅटरल म्हणजे ठिबकची नळी मोजून द्यायचो, ग्रोमेट, टेक-ऑफ असे नळीचे जोड आणि एंड कॅप म्हणजे टोकाची झाकणं पुड्यांत बांधून द्यायचो. धंदा तिथंच शिकलो.

सुरुवात एका काकूंमुळं झाली. औसा रोडला राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या. एक दिवस प्लास्टिकच्या पिशवीत मोगऱ्याची फांदी घेऊन दुकानात आल्या, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पान पिवळं. पाच ठिकाणी विचारून आल्या होत्या, प्रत्येकानं एक-एक खत गळ्यात मारलेलं. मी विचारलं पाणी कुठलं घालता, म्हणाल्या बोअरचं. म्हटलं कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो का, म्हणाल्या येतो की, खरवडून काढते मी. मग खतात काय अर्थ आहे, आमच्याकडचं बोअरचं पाणी एवढं जड की माती हळूहळू अल्कली होत जाते, मातीत लोह असलं तरी झाडाला उचलता येत नाही, वरून कितीही टाका. म्हटलं पावसाळा आहे, पंधरा-वीस दिवस फक्त पावसाचं पाणी घाला. त्यांनी अंगणात घमेली, बादल्या, जुना हंडा सगळं मांडलं. महिन्याच्या आत परत आल्या, नव्या फुटीची हिरवीगार पानं घेऊन, आणि म्हणाल्या, "अहो एवढं स्लॅबचं पाणी नालीत जाऊलालंय, ते धरून द्या की मला."

ते आमचं पहिलं काम. पाचशे लिटरची एक टाकी, विटांचा ओटा, आणि डाऊनटेक, म्हणजे स्लॅबचं पाणी खाली आणणारा पाईप, कापून त्यात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवला. पैसे त्यांनी तीन हप्त्यांत दिले आणि एकाही हप्त्याची तारीख चुकवली नाही.

दुसरा माणूस म्हणजे आमचे मिस्त्री. त्यांना मी मामा म्हणतो, नात्यानं कुणी नाहीत. गवंडीकाम आणि प्लंबिंग दोन्ही येणारा माणूस आता मिळत नाही, बघा. त्यांच्याकडं एक लेव्हल नळी आहे, साधी पारदर्शक नळी, तीसेक फुटाची, ती आजही दुकानात खिळ्याला टांगलेली असते. आता लेझर लेव्हल आलेत, आम्हीपण घेतला, पण पत्र्याच्या घराला पन्हळ मारायची असली की मामा नळीच काढतात. पाणी भरायचं, बोटानं टिचक्या मारत एकूण एक बुडबुडा काढायचा, एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी येते, मग दोन टोकांना दोन माणसं आणि पेन्सिलीची खूण. पन्हळीला दहा फुटाला अर्धा-पाऊण इंच ढाळ पाहिजे, कमी दिला तर पाणी साचून डास, जास्त दिला तर जोराच्या पावसात पाणी टोकावरून उडी मारून बाहेर. हे मामांनी मला शिकवलं आणि मी पुढं चार पोरांना शिकवलं. त्यातला एक पोरगा पुढं कुठं गेला ते खाली येईलच.

आता आमची खरी वस्तू सांगतो. स्लॅबचं पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नाही. उन्हाळाभर वर धूळ, कबुतराची घाण, पाला, काय काय साचलेलं असतं. आम्ही डाऊनटेकला टी मारून खाली एक उभा पाईप सोडतो, खालून बंद. पहिलं घाण पाणी त्यात भरतं, आत एक चेंडू असतो, पाणी चढलं की चेंडू वर येऊन रिड्यूसरच्या, म्हणजे पाईप बारीक करणाऱ्या जोडाच्या तोंडाला बसतो आणि मग चांगलं पाणी आडवं टाकीकडं जातं. खालच्या एंड कॅपला बारीक भोक, त्यातून तो पाईप थेंब थेंब रिकामा होतो आणि पुढच्या पावसाला तयार. कल्पना काही आमची नाही, जगभर वापरतात, पण आमच्या धुळीला पुरेल असं माप आम्ही बसवलं. सुरुवातीला चार इंची पाईप वापरला, दहा फूट लांबीत जेमतेम पंचवीस लिटर मावतात, हजार चौरस फुटाच्या स्लॅबला ते काहीच नाही, टाकीत गाळ यायचा. मग सहा इंची केला, दोन-दोन उभे लावले. चेंडू आधी रबरी होता, उन्हानं वरच चिकटून बसला आणि काकूंच्या टाकीत पहिलं घाण पाणी सगळं गेलं. कडक प्लास्टिकचा चेंडू मिळेपर्यंत गंजगोलाईच्या बाजारात खेळण्याची एकूण एक दुकानं फिरलो. भोक मातीनं बुजतं म्हणून एंड कॅप आट्याची घ्यायची, हातानं फिरवून काढता आली पाहिजे. ही सगळी मापं वर्षं घालवून आलेली आहेत.

टाकी स्लॅबवर ठेवायला आमच्याकडं लोक तयार नसतात. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, आणि 1993 चा किल्लारीचा भूकंप बघितलेली माणसं आहेत ही, त्यांना तुम्ही इंजिनिअरचं पत्र आणून दाखवलं तरी डोक्यावर वजन नको. म्हणून आम्ही टाकी खालीच ठेवतो, तीन फुटी ओट्यावर. मग प्रेशर येत नाही. तीन फुटांवरून चौरस सेंटिमीटरला किलोचा दहावा हिस्सा एवढंच प्रेशर मिळतं, त्यावर शेतातली इनलाइन, म्हणजे आतच ड्रिपर असलेली नळी चालत नाही, मायक्रोट्यूब म्हणजे साधी बारीक नळी चालते. ठिबक टाकून दिलं आणि पाणी येईना अशी तक्रार घेऊन आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच असतं.

मग आलं 2016. ते वर्ष लातूरकराला सांगायची गरज नाही. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं, मार्चमध्ये पाणी भरायच्या टाक्यांजवळ 144 कलम म्हणजे जमावबंदी, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा डबे, एका डब्यात पन्नास हजार लिटर. आम्ही सगळे बघायला गेलो होतो, मामांच्या डोळ्यात पाणी होतं. त्या दोन महिन्यांत दुकानात एवढी माणसं आली की मला जेवायला वेळ नव्हता, सगळ्यांना पावसाच्या आत टाकी पाहिजे. मी बँकेची लिमिट वाढवली, सावकाराकडूनपण थोडे उचलले, ऐंशी टाक्या आणल्या, पाईपाचा ट्रक उतरवला, छोटा हत्ती टेम्पो घेतला. ॲडव्हान्स कुणाकडून घेतला नाही, पाण्यासाठी तळमळणाऱ्या माणसाकडं ॲडव्हान्स काय मागायचा.

आणि त्याच वर्षी पाऊस आला, असा आला की धरण भरलं. आनंद झाला, का होणार नाही, पण लोकांनी फोन उचलणं बंद केलं. "आता कशाला, पाणी आलं की." बावन्न टाक्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तशाच उभ्या, त्यांच्या मधून गवत कमरेएवढं. दिवाळीनंतर थोडी वसुली करावी म्हटलं तर 8 नोव्हेंबरला नोटबंदी, हप्त्यानं देणारे सगळे रोखीवाले, सगळं ठप्प. छोटा हत्ती आठ महिन्यांत विकला, घेतलेल्या किमतीपेक्षा किती कमी ते लिहीत नाही. मामांनी पाच महिने मजुरी मागितली नाही. मी देतो म्हटलं तर म्हणायचे, "आधी व्याजाचं बघ." त्या हिवाळ्यात दुकान बंद करून पुण्याला नोकरीला जायचं जवळपास ठरलं होतं, गाळ्याच्या मालकाला तोंडी सांगूनपण झालं होतं.

त्याच टायमाला आमच्याकडं शिकलेला तो पोरगा एका दुकानदाराकडं गेला. नाव लिहीत नाही, लातुरात ज्याला कळायचं त्याला कळतं. त्यांनी आमच्या निम्म्या भावात काम सुरू केलं, निळे दोनशे लिटरचे ड्रम, कशाचे होते ते विचारायचं नाही, पहिलं पाणी सोडायचा पाईप नाही, ओव्हरफ्लोला जाळी नाही. वरून पाम्प्लेटवर फोटो कुणाच्या बागेचा, तर काकूंच्या. आमचा ओटा, आमची टाकी, त्यांचा मोगरा. मला कळलं तेव्हा मी गप्प बसलो, अंगात बळच नव्हतं, पण काकू रिक्षा करून त्या दुकानात गेल्या आणि उरलेलं पाम्प्लेटचं बंडल काउंटरवरून उचलून घरी घेऊन आल्या. ते बंडल अजून त्यांच्याकडं आहे, मागच्या कोऱ्या बाजूवर भाजीचा हिशोब लिहितात.

पण खरं नुकसान पुढच्या पावसाळ्यात झालं. त्या उघड्या ड्रमांत डास झाले, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास. आणि गल्लीगल्लीत झालं काय, तर पावसाच्या टाकीनं डेंग्यू होतो. आमच्या जाळी मारलेल्या, झाकण घट्ट असलेल्या टाक्यापण लोकांनी उपटून टाकल्या, नऊ घरांनी. एका घरी मी झाकण उघडून बॅटरी मारून दाखवलं की आत एक अळी नाही, तरी काढाच म्हणाले. ते मला आजपण लागतं. कुणीतरी स्वस्तात केलेलं काम आणि त्याची शिक्षा नीट करणाऱ्याला.

त्यातून वर आलो ते सर्व्हिसमुळं. काकूंच्या भिशीत अकरा बायका होत्या, काकूंनी एका दुपारी सगळ्यांना आपल्या अंगणात बसवलं, मला टाकी उघडायला लावली, डासाच्या अळ्या खाणारे गप्पी मासे दाखवले, आणि त्यातल्या सात जणींनी प्लॉटवरच्या टाक्या घेतल्या. वर काकूंनीच सुचवलं, दरवर्षी मृगाच्या आधी येऊन धुऊन द्यायचं आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे. तेव्हापासून मे महिन्यात आम्ही जुनीच कामं करतो, स्लॅब झाडणे, जाळी बदलणे, एंड कॅप उघडून गाळ काढणे. प्लॉटवरची शेवटची टाकी 2018 च्या मृगाआधी गेली. त्यानंतरची वर्षं बरी चालली, सांगण्यासारखं काही नाही.

नवीन घेणाऱ्यांना एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. टाकी घेतली म्हणजे मे महिन्यापर्यंत पाणी पुरेल असं जो सांगतो त्याच्या दुकानात जाऊ नका. चाळीस कुंड्या, रोज एक-एक लिटर, हजार लिटर पंचवीस दिवसांत संपले. उलट हजार फुटाच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला तर गळती-बिळती जाऊन अठराशे लिटरच्या आसपास पाणी येतं, म्हणजे एका पावसात टाकी भरून वाहते. मग टाकीचा उपयोग कधी, तर ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो तेव्हा, आणि हस्ताचा पाऊस धरून ठेवला तर दिवाळीच्या पुढं थोडे दिवस. जास्तीचं पाणी बोअरला सोडा, पण थेट नाही, खडी-वाळूचा खड्डा करून, नाहीतर गाळ खाली जाऊन बोअर बसतो. टाकी काळीच घ्या, उजेड आत गेला की शेवाळ. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना हे पाणी आधी द्या, बोअरचं पाणी नारळाला घाला, तो सोसतो. आणि भागीदारी असो की कामाला पोरगा असो, पहिल्या दिवशीच कागद करा, मी केला नाही.

काकू आता ऐंशीच्या जवळ आल्यात, झारी उचलवत नाही म्हणून गेल्या साली त्यांच्या पन्नास कुंड्यांना मायक्रोट्यूब टाकून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत, तर त्यांनी मामांच्या खिशात कोंबले. यंदा टाकी धुवायला गेलो तर ओट्याची एक वीट हललीय. मामा म्हणतात पाऊस लागायच्या आत अख्खा ओटा काढून नवा बांधू, रविवारी लेव्हल नळी घेऊन जायचंय.