तुम्ही विचारलंत म्हणून: चिनी आजी-आजोबा एवढे का फिरतात?

जर्मनीतल्या ट्रिअरला आमच्याकडे पाहुणे आले की पोर्टा नीग्रा या जुन्या रोमन वेशीपाशी हा प्रश्न ठरलेला: "हे एवढे चिनी आजी-आजोबा इथे कशाला येतात गं?"

एक कारण समोरच उभं असतं. कार्ल मार्क्स 1818 साली याच गावात जन्मला. त्याचा चौथऱ्यासकट साडेपाच मीटर उंच पुतळा चीनने भेट दिला, तो 2018 मध्ये इथे बसवला. शाळेपासून ज्याची तसबीर पाहिली, त्याचं गाव बघायचंच. पण माझ्या मते खरी ओढ वेगळी आहे.

आज सत्तरीत असलेल्या या माणसांचं तारुण्य सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओने 1966 ते 1976 मध्ये चालवलेल्या राजकीय उलथापालथीत गेलं. शाळा बंद पडल्या, शहरांतल्या दीड कोटीहून जास्त मुलामुलींना खेड्यांत शेतीवर धाडलं. कुठे जायचं, परत कधी यायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. पुढे शहरात नोकरीही सरकार नेमून देईल ती. हौसेखातर परदेशी जाणं साध्या माणसाच्या आवाक्यात यायला 1990 चं दशक उजाडलं, आणि युरोपातल्या बहुतेक देशांचं दार चिनी पर्यटक गटांना 2004 मध्ये उघडलं. तोवर यांच्या गळ्यात संसार, एकुलत्या एका मुलाचं शिक्षण, मग नातवंडं. नातू शाळेत जायला लागला की जरा मोकळीक मिळते, तीही गुडघे साथ देतील तेवढीच.

एकदा पुतळ्याजवळच्या बाकावर एक आजी माझ्याशेजारी बसल्या. थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून त्यांनी आधी मलाच दिलं. गटातल्या मुलीने दुभाष्याचं काम केलं. आजींना सोळाव्या वर्षी शांघायहून रशियाच्या सीमेजवळ हेइलोंगजियांगला पाठवलं होतं. तिथली हाडं गोठवणारी थंडी सांगताना त्या नकळत बोटं चोळत होत्या. सोबतच्या सगळ्या बायका तिथल्याच मैत्रिणी. फोटोसाठी प्रत्येकीने भडक ओढणी आणलेली. त्या काळात अंगावर निळं, राखाडी नाहीतर लष्करी हिरवं, एवढंच असायचं. "नुसते फोटो काढत फिरतात" असं कोणी म्हणालं की मला खरंच वाईट वाटतं.

मुलाने आजींना थायलंडला पाठवायचं ठरवलं होतं, जवळ पडतं म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. पैसे मुलाचे घेतले, ठिकाणांची यादी मात्र मैत्रिणींनी मिळून केली.