आइसलँड, एक नंबरचा रस्ता

आज देशाला वळसा घालणाऱ्या एक नंबरच्या महामार्गाने वीक गाव ते योकुल्सारलोन हे हिमनदीचं सरोवर, साधारण १९० किलोमीटर. भारतातून येऊन इथे गाडी चालवणार असाल तर हे वाचाच.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, स्टीअरिंग डावीकडे. इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला, त्यामुळे वळताना सवयीने वायपर सुरू होतो. तो प्रश्न तासाभरात सुटतो. खरा त्रास वेगळा: आपण डावीकडे बसलेलो असल्याने गाडी नकळत उजव्या कडेला सरकते, आणि इथे बऱ्याच ठिकाणी डांबराच्या कडेला थेट उतार आहे. मधल्या रेषेशी डावं चाक किती जवळ आहे, ते डाव्या आरशात बघत राहा.

'आइनब्रेइद ब्रू' अशी पाटी म्हणजे पुढे एकाच गाडीच्या रुंदीचा पूल. जो आधी पोहोचेल तो आधी जातो, पण समोरून गाडी दिसली की थांबलेलं केव्हाही बरं. डांबरावर वेगमर्यादा ९०, खडीवर ८०. डांबर संपतं तिथे वेग आधीच कमी करा. खडीवर गेल्यावर ब्रेक मारला तर गाडी घसरते.

आणि वारा! दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरा, गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. झोतात सापडलेलं दार उलटं फिरून बिजागरी वाकते, आणि हे नुकसान विम्यात बहुतेक वेळा धरत नाहीत. गाडीच्या भाडेकरारातली ती ओळ गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा. हेडलाइट दिवसाही चालूच, तसा कायदाच आहे.