पाचवीच्या वह्या रिसायकल कागदाच्या घ्यायच्या ठरवल्या तेव्हा

मुलुंडच्या आमच्या मराठी शाळेत पालक-शिक्षक संघ दरवर्षी वह्या घाऊक भावात एकत्र घेतो. यंदा बैठकीत मी सुचवलं, पाचवीच्या वह्या रिसायकल कागदाच्या घेऊन बघू. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "घ्या की, पण शाई फुटली तर पालकांना तुम्हीच तोंड द्यायचं हं." झालं, काम माझ्या गळ्यात.

मशीद बंदरला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीट गाठली. पहिल्याच दुकानात हिरव्या पानाचं चित्र छापलेली वही समोर आली. "एकदम इको आहे, ताई." कागद कशाचा, विचारलं तर म्हणाले, उसाच्या चिपाडाचा. आता चिपाडाचा कागद चांगलाच; साखर कारखान्यातून उरलेलं कामी येतं, झाड लागत नाही. पण तो रिसायकल नव्हे. दुसऱ्या दुकानात खरंच रिसायकल कागद होता, पण तो छापखान्यातल्या कातरणांचा. ही कातरणं स्वच्छ, एकाच जातीची, आणि त्यांना गिऱ्हाईक कायमच असतं. ती तशीही लगद्यात जातात. मला हवा होता घराघरांतून, ऑफिसांतून वापरून रद्दीत गेलेला आणि तिथून परत आलेला कागद. त्यामुळे प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारत सुटले: यात वापरलेला कागद किती टक्के? बहुतेकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वहीची जन्मपत्रिका मागतेय. शेवटी एका म्हाताऱ्या शेठनी मिलच्या गठ्ठ्यावरचं लेबल काढून दाखवलं. त्यावर टक्केवारी स्पष्ट छापलेली होती. एफएससीचा (जंगलं जपून माल घेतलाय का, हे तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का असेल तर त्याखालचा शब्दही वाचायचा, हेही तिथेच कळलं. 'रिसायकल्ड' असेल तर सगळा माल पुनर्वापराचा, 'मिक्स' असेल तर ताजा लगदाही चालतो.

भाव साध्या वहीपेक्षा थोडा जास्तच पडला. रद्दी मातीमोल, मग वही महाग का, हा प्रश्न पालकांच्या बैठकीत आलाच. मी "झाडं वाचतात" म्हणून सुरुवात केली. एक पालक छपाईच्या धंद्यातले. ते म्हणाले, आपल्याकडे कागदाचं बरंचसं लाकूड जंगलातून नाही, शेतकऱ्यांनी लावलेल्या निलगिरी-सुबाभळीतून येतं. बरोबरच होतं त्यांचं. खरं सांगायचं तर झाडापेक्षा भट्टीचा मुद्दा मला जास्त पटतो. लाकडातून तंतू सुटे करायला रसायनं घालून ते शिजवावं लागतं, मग लगदा पांढरा करायचा. जुन्या कागदात हे काम एकदा झालेलं असतं. तो भिजवून घुसळायचा, शाई काढायची, गाळायचा. त्यात पाणी, वीज आणि रसायनं कमी लागतात. शाई काढल्यावर गाळ उरतो, त्याची विल्हेवाट लावावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मी मुद्दाम करडट झाक असलेला कागद निवडला. दुधासारखा पांढरा करायला पुन्हा धुलाई आलीच. आणि जो कागद रद्दीत न जाता ओल्या कचऱ्यात कालवून कचराभूमीत पुरला जातो, तो हवेविना कुजून मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो.

एवढं सगळं ऐकून एका आजींनी विचारलं, "अक्षर नीट उठतं का?" प्रश्न लाखमोलाचा. नमुन्याची एकेक वही वर्गात दिली. बॉलपेन झकास, जेलपेन ठीक. शाईच्या पेनाने 'क्ष' काढला की पोटातली गाठ भरून जाई, आणि स्केचपेन सरळ मागच्या पानावर उमटे. असा कागद बरेचदा शाई लवकर पितो. शिवाय पुन्हा पुन्हा लगदा होताना तंतू आखूड होत जातात. साधारण 5 ते 7 फेऱ्यांनंतर तंतू कागदाच्या कामाचा राहत नाही, म्हणून थोडा ताजा लगदा कुठेतरी लागणारच. मग एकेरी, दुरेघी आणि गणिताच्या चौकटी वह्या रिसायकल घेतल्या, चित्रकलेची वही आहे तीच ठेवली. वर्तमानपत्राच्या पेन्सिलीही पाहिल्या. दिसायला गोड, शार्पनरमध्ये पट्ट्या निघतात, पण पेन्सिलीत लाकूड असतंच किती! तो नाद सोडला.

सगळ्यात जास्त फायदा मात्र खरेदीत नव्हताच. चौथीच्या वह्या मुलांकडून परत मागवल्या तेव्हा कित्येकांची शेवटची पानं कोरी. ती फाडून भांडुपच्या बाइंडरकडून शिवून घेतली. वर्गाला पुरतील एवढ्या कच्च्या वह्या झाल्या, आणि त्यांना कुठलीच मिल चालवावी लागली नाही. लिहिलेली पानं रद्दीवाल्याला दिली. त्याने प्लॅस्टिकची कव्हरं आणि स्पायरल आमच्याकडूनच काढून घेतले, लॅमिनेट केलेले तक्ते बाजूला ठेवले. स्टेपलच्या पिना राहिल्या तरी चालतात म्हणाला, त्या पुढे चाळणीत निघतात.

आता सहावीचे पालक विचारताहेत. शेठनी बजावून ठेवलंय, शाळेचं नाव कव्हरवर छापून हवं असेल तर फेब्रुवारीतच ऑर्डर द्या. मे महिन्यात आलात तर हिरव्या पानाचीच वही मिळेल.