रतनगड–हरिश्चंद्रगडाची सॅक : तिसरी भरणी

रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड. हिवाळ्यातला तीन दिवसांचा ट्रेक, 60 लिटरची सॅक. दुसऱ्या भरणीत काट्यावर 14.3 किलो आले, आता 12.1. जादाची जीन्स (700 ग्रॅम), लोणच्याची काचेची बरणी (500 ग्रॅम) आणि चौथा लिटर पाणी बाहेर काढलं. कुमशेतला गावात पाणी भरता येतं.

उरलेला हिशेब: रिकामी सॅक 1.8, स्लीपिंग बॅग 1.2, मॅट 0.4, कपडे 1.3, शिधा 2.2, स्टोव्ह-टोप 1.3, पाणी 3, टॉर्च-औषधं वगैरे 0.9. अंगाच्या वजनाचा पाचवा हिस्सा हा ढोबळ नियम धरला तर 60 किलोच्या माणसाला 12 किलो. म्हणजे 100 ग्रॅम जास्त, काठावर पास.

तळाशी स्लीपिंग बॅग, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. तिच्यावर तांदूळ-डाळ आणि स्टोव्ह, पाठीला चिकटून, खवाट्यांच्या उंचीपर्यंत. पोहे, कपडे असं हलकं सामान बाहेरच्या अंगाला. जड वस्तू पाठीपासून जितकी लांब, तितकी सॅक मागे ओढते. मग माणूस पुढे वाकतो आणि संध्याकाळी कंबर धरते. टोपाची कड पाठीत रुतते, तिथे टॉवेल. टोप रिकामा न्यायचा नाही, कांदे-मसाले त्यातच.

रतनगडाच्या शिड्यांसाठी मात्र हीच रचना बदलावी लागते. वजन वर असलं की तोल जातो, म्हणून शिधा कंबरेच्या पातळीवर उतरवायचा. पाण्याच्या दोन बाटल्या बाजूच्या खिशांत, तिसरी आत पाठीशी. एकाच बाजूची बाटली संपवली तर सॅक एक किलोने कलते; आलटूनपालटून प्या.

मॅट बाहेर आडवी बांधू नका. कारवीत अडकते हे एक, पण आडव्या अरुंद वाटेवर तिचं टोक कड्याला घासलं की धक्का दरीकडे बसतो. उभी बांधा, नाहीतर आत गुंडाळा.

सॅक चढवताना सगळे पट्टे ढिले. सॅक आधी मांडीवर, मग खांद्यावर. पहिला कंबरपट्टा, तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर. मग खांदेपट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीपट्टा, श्वास अडणार नाही इतकाच. खांदे लाल झाले तर कंबरपट्टा घसरलाय. हाताला मुंग्या आल्या तर खांदेपट्टे फार आवळलेत. सगळं घट्ट करूनही भार खांद्यावरच राहत असेल, तर सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा आखूड आहे. तिथे पट्टे ओढून काही होत नाही.

चौथ्या भरणीत 1.8 किलोच्या सॅकऐवजी हलकी सॅक बघायची आहे. कंबरपट्टा जाड असेल तरच.