वायफायच्या पोटातली सीडी

मामांच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) सुरळीत चालत होतं, पण संगणक खाली आणि राउटर माडीवर. केबल ओढण्यापेक्षा बरं म्हणून नखाएवढा यूएसबी वायफाय अ‍ॅडॉप्टर आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘ड्रायव्हरची गरज नाही’. ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवायला संगणकाला लागणारा प्रोग्रॅम. हे आश्वासन विंडोजवाल्यांसाठी असतं; लिनक्सवाल्याने हुरळून जाऊ नये.

अ‍ॅडॉप्टर लावला तर वायफायचा पत्ता नाही, उलट फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी उगवली. मामा म्हणाले, “अरे, याचा सीडीचा कप्पा कधीच काढून टाकलाय!”

भानगड अशी की, अशा अ‍ॅडॉप्टरच्या पोटातच विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. लावल्याबरोबर तो सीडी ड्राइव्हचं सोंग घेतो, आणि ड्रायव्हर बसला की सोंग टाकून वायफाय होतो. माझ्याकडे ते सोंग उतरवणारं कोणी नव्हतं. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी आज्ञा दिल्यावर नाव आलं रिअलटेक ८१८८जीयू, सीडीरॉम मोड. या नावावर विसंबू नये. शेजारचा ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक रिअलटेकच्या वेगवेगळ्या चिपा सीडीच्या अवस्थेत दाखवतात. ती सीडी ‘इजेक्ट’ केली आणि पुन्हा पाहिलं, तर क्रमांक झाला होता ०बीडीए:सी८११. म्हणजे आतली खरी चिप ८८११सीयू.

चिप कळली, तरी वायफाय नाहीच. कारण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. लिनक्समध्ये आरटीडब्ल्यू८८ नावाचा ड्रायव्हर होता, पण या चिपांच्या यूएसबी अवतारांना तो ओळखू लागला फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून. डेबियन १२ चा कर्नल ६.१. एका पायरीने हुकलं!

इथे बहुतेक जण ड्रायव्हरचा सोर्स कोड उतरवून डीकेएमएस या साधनाने आपल्या कर्नलसाठी बांधायला सांगतात. चालतं ते, पण कर्नल बदलला की पुन्हा बांधणी, ती फसली की वायफाय गायब. शिवाय सिक्युअर बूट (विश्वासू सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू असेल तर स्वतःची किल्ली बनवून, रीस्टार्ट करताना निळ्या पडद्यावर ती नोंदवायची. मामांच्या गळ्यात हे लोढणं कशाला? मी बॅकपोर्ट्समधला, म्हणजे आहे त्याच डेबियनसाठी नवी पॅकेजं देणाऱ्या भांडारातला, नवा कर्नल घ्यायचं ठरवलं. त्यावर डेबियनची सही असते, त्यामुळे सिक्युअर बूटला हात लावावा लागत नाही.

आता इंटरनेटसाठीच इंटरनेट हवं. फोन यूएसबीने जोडून टिदरिंग सुरू केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट संगणकाला दिलं. त्याला वेगळं काही बसवावं लागलं नाही. नव्या कर्नलसोबत ‘फर्मवेअर-रिअलटेक’ हे पॅकेजही घेतलं; फर्मवेअर म्हणजे खुद्द चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर. ते विसरलं तर ड्रायव्हर असूनही चिप मुकीच राहते, आणि कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर सापडत नसल्याची कुरकुर दिसते.

रीस्टार्ट केल्यावर सीडी पुन्हा हजर. मग असं सोंग उतरवणारं ‘यूएसबी-मोडस्विच’ बसवून यूडेव्हचा (उपकरण जोडताच काय करायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा) एका ओळीचा नियम लिहिला: १ए२बी दिसला की सीडी बाहेर काढ. त्यानंतर संगणक चालू होताच राउटरचं नाव यादीत येऊ लागलं.

रेंज तेवढी अशक्त होती. अ‍ॅडॉप्टर पत्र्याच्या कॅबिनेटमागे भिंतीला चिकटलेला. एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणला तसा सिग्नल सुधारला. लिनक्ससाठी नवाच घेणार असाल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू चिप असलेला शोधा, तिचा ड्रायव्हर २०१८ पासून कर्नलमध्येच आहे. दुकानात मात्र चिपचं नाव विचारलं की “साहेब, सगळे सारखेच” असंच उत्तर मिळतं.