पावसातच बंद पडणारी गाडी

"चालता चालता मधेच बंद पडते, पाच मिनिटांनी परत चालू होते" अशी तक्रार आली की कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन आधी सुस्कारा सोडतो, कारण असली गाडी गॅरेजमध्ये आली की शहाण्यासारखी वागते. दिवसभर चालू ठेवा, काही होत नाही.

ही २०१६ची सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. साताऱ्यातल्या एका काकांनी मुलीला कॉलेजला जायला घेतलेली. माझ्याकडे येईपर्यंत बॅटरी, क्रँक सेन्सर, रिले आणि शेवटी अख्खा फ्युएल पंप बदलून झाला होता. एकेक पार्ट बदलत जायचं, कधीतरी लागू पडतोच, पैसे गिऱ्हाइकाचे! याला आमच्याकडे डायग्नोसिस म्हणतात.

काकांना विचारलं, नेमकी कधी बंद पडते? तर म्हणे पावसात, पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना. आता पाऊस म्हटलं की सगळे पाणी शोधतात आणि चढ म्हटलं की पंप. मी विचारलं, तेव्हा गाडीत काय काय चालू असतं? काका म्हणाले वायपर, लाइट, बाकी काही नाही. मुलगी मागून म्हणाली, "आणि मागच्या काचेचा डिफॉगर, बाबा. काच धुरकट होते ना." इथे माझे कान टवकारले, कारण डिफॉगर एकटाच दहा-पंधरा अँपिअर ओढतो.

स्कॅनरला फक्त पी ०१७१ हा फॉल्ट कोड पेंडिंग होता, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी पडतंय. एवढ्यावरच आधीच्या माणसाने पंप बदलला असणार. लोकांना वाटतं स्कॅनर लावला की पार्टचं नाव येतं, त्यामुळे हल्ली मीटर हातात धरणारी पोरंच मिळत नाहीत.

मग मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि पोराला ब्रेक दाबून इंडिकेटर द्यायला सांगितलं. इंडिकेटरच्या तालावर टेल लॅम्प मंद-तेज होत होता. ज्याने ही खूण एकदा पाहिलीय तो विसरत नाही: अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वाट, नीट मिळत नाहीये, म्हणून करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतोय. या गाडीत टेल लॅम्प, डिफॉगर आणि पंप यांचे अर्थ एकाच जॉइंटवर येतात.

अर्थ तपासताना मीटरच्या ओहम मोडवर, म्हणजे नुसता रेझिस्टन्स मोजायला, जायचं नाही. मीटर इतका कमी करंट सोडतो की वायरीतला एक तार शिल्लक असला तरी रीडिंग ओके येतं. लोड टाकूनच बघायचं. मीटर व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब पंपाच्या अर्थ वायरला, कपलरच्या म्हणजे वायर जोडायच्या प्लगच्या मागून. नुसतं इंजिन चालू, अर्धा व्होल्ट. हेच मुळात जास्त आहे, शून्याच्या जवळ हवं. लाइट लावून ब्रेक दाबला, एक. डिफॉगर चालू केला, सव्वादोन. आणि मग डाव्या दाराच्या खालच्या पट्टीवर मुठीने हाणलं तर मीटर उडी मारून सहावर गेला, इंजिनने आचका दिला आणि गाडी बंद! पंपाला चौदापैकी आठच व्होल्ट मिळत होते. खरं सांगतो, मी जोरात ओरडलो.

पट्टी काढून कार्पेट उचललं आणि आनंद तिथेच संपला. लूमच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, टेपमध्ये बारीक करडा गाळ, पिठासारखा. जॉइंटवर हिरवी पूड, तांबं काळं पडलेलं, तारा जेमतेम शिल्लक. सीटच्या रुळांना गंज. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर त्यावर आडवी तपकिरी रेघ. गाडी पुरातली होती. २०१९चा ऑगस्ट की २०२१चा जुलै ते काही गाडी सांगत नाही, पण सांगली-कोल्हापूरकडच्या अशा गाड्या आम्हाला नवीन नाहीत. वरून धुवून, पॉलिश मारून, "डॉक्टरांची गाडी आहे" म्हणून विकतात.

वायर तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे कापली, नवी जाड वायर, क्रिंप, हीट श्रिंक, बोल्टखालचा पत्रा घासून पांढरा केला, वर ग्रीस. सगळा लोड टाकून ०.१ व्होल्ट.

पण इग्निशन ऑन केल्यावर एक गोष्ट खटकली. एअरबॅगचा दिवा लागतच नव्हता. तो काही सेकंद पेटून विझायला हवा. क्लस्टर, म्हणजे स्पीडोमीटरचं पॅनेल, उघडलं तर दिव्याचं कनेक्शन शेजारच्या ऑइलच्या दिव्याला जोडलेलं, तेही अर्धवट. म्हणजे विकणाऱ्याला फॉल्ट माहीत होता. सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कपलर हिरवा पडलेला. त्याला मी हात लावला नाही, एअरबॅगच्या सर्किटला साधा मीटर लावायचा नसतो.

काकांना सगळं दाखवलं. काका बराच वेळ सीटबेल्टची रेघ बघत बसले. मग म्हणाले, "एअरबॅगचं राहू दे, आता मी ही विकूनच टाकतो. बिलावर फक्त वायरिंग लिहा." मी म्हटलं, काका, तोवर पोरगी हीच गाडी चालवणार ना? आणि पुढे घेणाराही कुणाच्या तरी पोरीसाठीच घेत असेल. ते म्हणाले, "मला तरी कुणी सांगितलं होतं?" यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

मी बिलात लिहिलं: मागील अर्थ दुरुस्ती, एअरबॅग दिवा बायपास केलेला, अधिकृत ठिकाणी तपासणे, गाडीत पाणी शिरल्याच्या खुणा. त्यांनी वाचलं, पैसे पूर्ण दिले, घासाघीस नाही. बिल मात्र काउंटरवरच ठेवून गेले.